तंबोऱ्याचं वजन १८ किलो, भाडं साडेछप्पन्न किलोचं: विमानमालाचा हिशोब

मिरजेहून एक तंबोरा लंडनला निघतो. पेटीसकट काट्यावर तो भरतो १८ किलो. पावती हातात येते तेव्हा भाडं लागलेलं असतं साडेछप्पन्न किलोचं. त्याच दिवशी कुपवाड एमआयडीसीतून पंपाच्या कास्टिंगची १०० किलोची पेटी निघते आणि तिला बरोबर १०० किलोचंच भाडं लागतं. तंबोरेवाल्याला वाटतं, एजंटानं गंडवलं. बहुतेक वेळा तसं नसतं. विमान कंपनी नुसतं वजन विकत नाही, ती विमानाच्या पोटातली जागाही विकते. ही गोष्ट नीट कळली की पुढचं बरंचसं कोडं आपोआप सुटतं.

आधी गणित. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ६,००० नं भागायचं. आलेला आकडा म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन. आपल्या तंबोऱ्याची पेटी १५० × ५० × ४५ सेंटिमीटर धरा. गुणाकार ३,३७,५००, भागाकार ५६.२५. हा आकडा पुढच्या अर्ध्या किलोवर नेतात, म्हणून ५६.५. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं. त्याला एजंट मंडळी नुसतं 'चार्जेबल' म्हणतात. कुरिअर कंपन्या ६,००० च्या जागी बहुधा ५,००० नं भागतात, म्हणजे हलक्या मालाला कुरिअर आणखी महाग पडतं. दोन दरपत्रकं शेजारी ठेवताना भाजक कोणता लावलाय ते आधी विचारा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

६,००० चा अर्थ असा, की एक घनमीटर जागेत साधारण १६७ किलो माल बसावा असं कंपनीनं गृहीत धरलंय. त्याहून हलका माल जागा खातो, म्हणून जागेचे पैसे देतो. त्याहून जड माल वजन खातो, म्हणून वजनाचे.

इथंच पेटी बनवणाऱ्या सुताराचा भाडेखर्चाशी थेट संबंध येतो. विमानतळावर माल पुन्हा मोजतात आणि मोजताना पेटीचा सर्वात फुगलेला भाग धरतात. बाहेरून मारलेली पट्टी, पुढं आलेली कडी, फुगलेला पुठ्ठा, सगळं मोजमापात जातं. वरची पेटी प्रत्येक दिशेनं फक्त २ सेंटिमीटर वाढली, म्हणजे १५२ × ५२ × ४७ झाली, तर चार्जेबल ६२ किलो होतं. पेटीमागं साडेपाच किलो नुसत्या फुगवट्याचे! दहा पेट्या असतील तर ५५ किलोचं भाडं हवेत गेलं. एजंटानं एअरवे बिलावर, म्हणजे विमानमालाच्या वाहतूक-पावतीवर, एक माप लिहिलं आणि टर्मिनलवर दुसरं निघालं, तर दुरुस्ती येते, फरकाची रक्कम येते आणि कधी कधी त्या गडबडीत विमानही चुकतं. म्हणून माप घरी घ्यायचं, पेटी पूर्ण बंद करून, पट्ट्या आवळून झाल्यावर. कारखान्यातल्या कागदावरचं माप उपयोगाचं नाही.

स्लॅब आणि ब्रेकपॉइंट

दर एकसारखा नसतो. अगदी लहान मालाला किमान रक्कम, मग ४५ किलोच्या आतला दर, मग ४५, १००, ३००, ५००, १,००० किलोच्या वरचे दर. वजन वाढेल तसा किलोमागचा दर उतरतो. हिशोबासाठी काल्पनिक आकडे घेऊ: ४५ किलोच्या वर १८० रुपये, १०० च्या वर १५० रुपये. तुमचा माल ९० किलो. सरळ गुणलं तर १६,२०० रुपये. पण तोच माल १०० किलो समजून लावला तर १५,००० रुपये. ही पळवाट नाही, नियमातच बसतं. एअरवे बिलावर खरं वजन ९० च राहतं, चार्जेबलच्या रकान्यात १०० येतं. ज्या वजनापासून वरचा स्लॅब स्वस्त पडतो ती रेषा, म्हणजे ब्रेकपॉइंट, या दरांत ८३ किलोच्या थोडी वर येते. तुमच्या दरांत ती कुठं येते ते वरच्या स्लॅबची पूर्ण रक्कम खालच्या दरानं भागून काढता येतं. चांगला एजंट हे न सांगता करतो. तरी पावती आल्यावर स्वतः एकदा भागून पाहावं.

भाड्याशिवाय इंधन अधिभार, सुरक्षा अधिभार, एक्स-रे तपासणी, टर्मिनलचं हाताळणी शुल्क, एअरवे बिलाचं शुल्क, सीएचएची, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाची, फी असं बरंच येतं. यातले काही चार्जेबलवर लागतात, काही खऱ्या वजनावर, काही प्रत्येक बिलामागं. निर्यातीच्या विमानभाड्यावरची जीएसटीची सूट ३० सप्टेंबर २०२२ ला संपली, त्यामुळं तोही धरावा लागतो. परतावा मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. 'किलोमागं किती' एवढंच विचारणारा माणूस हमखास फसतो. 'सगळं धरून, दारातून दारापर्यंत' असाच दर लेखी मागवा.

हलका आणि जड एकत्र

या धंद्यात फॉरवर्डर, म्हणजे अनेकांचा माल जमवून विमान कंपनीला देणारा मध्यस्थ, कमावतो कुठं, हे समजलं की आपल्याकडच्या लहान उत्पादकांना एक दार उघडतं. दहा तंबोऱ्यांच्या पेट्या घ्या. खरं वजन १८०, व्हॉल्युमेट्रिक ५६२.५ किलो. सोबत कास्टिंगच्या चार पेट्या घ्या, प्रत्येकी ६० × ४० × ४० सेंटिमीटर आणि १०० किलो. त्यांचं खरं वजन ४००, व्हॉल्युमेट्रिक फक्त ६४. वेगवेगळं पाठवलं तर भाडं ५६२.५ अधिक ४००, म्हणजे ९६२.५ किलोचं. एकाच एअरवे बिलाखाली पाठवलं तर खरं वजन ५८०, व्हॉल्युमेट्रिक ६२६.५, आणि भाडं ६२६.५ किलोचं. मधले ३३६ किलो म्हणजे फॉरवर्डरची कमाई. तो मिरजेकडून जागेचे पैसे घेतो, कुपवाडकडून वजनाचे, आणि विमान कंपनीला दोन्ही मिळून एकदाच देतो. त्यात गैर काही नाही, माल जमवण्याचं, रिकाम्या जागेची जोखीम घेण्याचं काम तोच करतो. पण तुमचा माल नियमित असेल आणि तो हलका किंवा खूप जड असेल, तर फॉरवर्डरशी घासाघीस करताना तुमच्या हातात काय आहे ते हा हिशोब सांगतो. कास्टिंगवाल्याला तर खास सांगायला हवं: तुमचा जड माल हा कन्सोल करणाऱ्याला, म्हणजे अनेकांचा माल एकत्र पाठवणाऱ्याला, हवाहवासा असतो, दर त्याच हिशोबानं मागा.

अशा कन्सोलमध्ये दोन बिलं तयार होतात. विमान कंपनी आणि फॉरवर्डर यांच्यातलं मास्टर, आणि फॉरवर्डर नि तुमच्यातलं हाउस. तुमच्या हातात हाउस बिल असतं आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ते टाकलं की काहीच सापडत नाही. मास्टरचा नंबर मागून घ्या. तो ११ आकडी असतो. पहिले तीन कंपनीचे: एअर इंडिया ०९८, इंडिगो ३१२, एमिरेट्स १७६, लुफ्तान्सा ०२०. पुढचे सात अनुक्रमांक. शेवटचा एक पडताळणीचा: सात आकडी अनुक्रमांकाला ७ नं भागून उरणारी बाकी. १२३४५६७ ला भागलं तर बाकी ५ उरते, म्हणून नंबर ०९८-१२३४५६७५ असा होतो. फोनवर नंबर चुकीचा टिपला गेला तर ही बाकी लगेच सांगते.

ट्रॅकिंगमध्ये 'बुक्ड' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याचा अर्थ फक्त जागा राखून ठेवली आहे. 'आरसीएस' दिसलं म्हणजे माल कागदांसकट कंपनीच्या ताब्यात, वजन तपासून, उडायला तयार. त्यानंतर 'मॅनिफेस्ट', म्हणजे माल त्या विमानाच्या यादीत आला, मग 'डिपार्टेड'. बुक्ड आणि आरसीएस यांच्यामध्ये बराच वेळ गेला तर अडचण बहुधा तुमच्या कागदांत किंवा तुमच्या ट्रकमध्ये आहे.

आणखी एक. समुद्रमार्गाचं बिल ऑफ लेडिंग हे मालकीहक्काचा कागद असू शकतं, ते बँकेत अडवून पैसे मिळेपर्यंत माल रोखता येतो. एअरवे बिल तसं नसतं. त्यावर ज्याचं नाव, त्याला माल मिळतो. ग्राहक नवा असेल तर पैसे आधी घ्या, किंवा माल त्याच्या बँकेच्या नावे पाठवून बँकेच्या परवानगीनंच तो सुटेल अशी व्यवस्था करा. हे न कळल्यानं माल जातो आणि पैसे येत नाहीत.

पोटात जागा कुणाची

जगात विमानानं जाणाऱ्या मालापैकी साधारण निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटात जातो. वर माणसं, खाली त्यांच्या बॅगा, उरलेल्या जागेत माल. २३ मार्च २०२० पासून दोन वर्षं भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं बंद होती, तेव्हा हे पोटच नाहीसं झालं आणि दर गगनाला भिडले. माल वाढला नव्हता, जागा आटली होती.

बोइंग ७७७-३०० ईआरसारख्या रुंद विमानाच्या खालच्या मजल्यावर एलडी-३ या मापाचे ४४ कंटेनर बसतात. एका एलडी-३ मध्ये साडेचार घनमीटरच्या आसपास माल राहतो आणि कंटेनरसकट कमाल वजन १,५८८ किलो. सपाट पॅलेट असेल तर ते ३१८ × २४४ सेंटिमीटर, आणि खालच्या मजल्यावर उंचीची मर्यादा सुमारे १६० सेंटिमीटर. १७० सेंटिमीटर उभी पेटी केली तर ती प्रवासी विमानात उभी जाणार नाही. आडवी चालत नसेल तर फक्त मालवाहू विमान शोधावं लागेल. ते आठवड्यातून मोजकेच दिवस असतं आणि महाग पडतं. छोट्या विमानांत, म्हणजे बोइंग ७३७ मध्ये, कंटेनर नसतातच. हमाल वाकून, हातानं पेट्या रचतात. तिथं ८० किलोची एक पेटी म्हणजे डोकेदुखी. १५० किलोच्या वरचा एक नग 'हेवी' धरतात, आधी कळवावा लागतो, आणि त्याच्याखाली भार पसरवायला फळ्या घालाव्या लागतात, कारण जमिनीवर दर चौरस मीटरला किती वजन चालेल याची मर्यादा असते. कास्टिंगवाल्यांनी ही गोष्ट पेटीच्या पायातच सोडवावी. दोन अरुंद ठोकळ्यांऐवजी तीन रुंद पट्ट्या.

मग 'ऑफलोड' होतं. माल तयार, कागद तयार, आणि विमान तुमच्याशिवाय गेलं. कारणं नेहमीची आहेत. प्रवाशांच्या बॅगा अपेक्षेपेक्षा जास्त आल्या. समोरून वारा असल्यानं जास्त इंधन भरावं लागलं. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ झाली, त्यामुळं उडताना पेलणारं वजन घटलं. विमान कंपन्या काही माल येणारच नाही असं गृहीत धरून जागा जास्त विकतात, आणि एखाद्या दिवशी सगळाच माल येतो. कपात करायची वेळ आली की साधा माल पहिल्यांदा उतरतो. नाशवंत, औषधं, जिवंत प्राणी आणि जास्त दर भरलेला 'एक्सप्रेस' माल राहतो. त्यामुळं पंपाचा सुटा भाग परदेशातल्या बंद पडलेल्या कारखान्यासाठी असेल, तर एक्सप्रेसचा जादा दर देणं स्वस्त पडतं. महिन्याचा साठा भरायचा असेल तर अजिबात देऊ नका.

आपल्या द्राक्ष-स्ट्रॉबेरीच्या हंगामात एक खाच आहे. विमानांचं वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. फेब्रुवारीत ठरवलेलं विमान एप्रिलमध्ये असेलच असं नाही, आणि असलं तरी मोठ्याच्या जागी छोटं आलेलं असू शकतं.

माल बिघडतो जमिनीवर

लंडनचं उड्डाण साडेनऊ-दहा तासांचं, दुबईचं तीन तासांचं. तरी सांगलीचा माल पोचायला दोन-अडीच दिवस लागतात. उरलेला वेळ कुठं जातो ते पाहा. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, बोरघाट असं करत मुंबई विमानतळाचं सहारचं कार्गो संकुल पावणेचारशे-चारशे किलोमीटर. ट्रकला नऊ-दहा तास, घाटात अडकला तर जास्त. मग रांग, वजन, माप, एक्स-रे, कस्टम्स, पॅलेट बांधणी, आणि पॅलेटचं विमानाशेजारी उन्हात थांबणं. माल स्वीकारायची वेळ उड्डाणाच्या साधारण ५ ते ८ तास आधी संपते, कंपनी आणि मालाप्रमाणं ती बदलते. ट्रक सांगलीहून कधी सोडायचा हे या वेळेवरून उलटं मोजायचं आणि त्यात किमान तीन तास फुकट धरायचे.

द्राक्ष विमानाकडं फार येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तासगावचं द्राक्ष थंड करून शून्य अंशाच्या आसपास ठेवलं तर आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून ते न्हावा शेवा बंदरातून रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरनं जातं. बेदाणा आणि हळद यांना तर घाई नाहीच. विमान लागतं ते भेंडी, हिरवी मिरची, कढीपत्ता, स्ट्रॉबेरी अशा चार-आठ दिवसांच्या मालाला.

यात एक चूक वारंवार होते. नाशवंत म्हणजे जितकं थंड तितकं चांगलं, असं समजून सगळं एकाच तापमानात घालतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ० ते २ अंश हवेत. भेंडी आणि मिरचीला ७ ते १०. भेंडी ७ च्या खाली गेली की थंडी बाधते: दोन दिवसांनी काळे डाग, चिकट टोकं. एअरवे बिलावर 'सीओएल' लिहिलं की त्याचा अर्थ २ ते ८ अंश, म्हणजे भेंडीसाठी ते चुकीचं. तिथं नुसता 'पीईआर', नाशवंत, हा संकेत आणि हाताळणीच्या रकान्यात तापमान स्पष्ट लिहावं. तेवढंच तापमान ठेवायची हमी साध्या नाशवंत मालाला कंपनी सहसा देत नाही, म्हणून माल घरूनच आतपर्यंत गार करून द्यावा लागतो. नुसत्या गार ट्रकमध्ये गरम माल टाकला तर मुंबईपर्यंत पेटीचा मधला भाग गरमच राहतो, कारण ट्रकचं यंत्र गारवा टिकवायला असतं, माल गार करायला नसतं. पॅलेटवर प्लास्टिक गुंडाळताना हवेची छिद्रं झाकू नयेत. माल श्वास घेतो, आतली उष्णता अडकते, आणि उन्हात ते प्लास्टिक काचघरासारखं काम करतं. वरून उष्णतारोधक पांघरूण वेगळं मिळतं, ते घ्यावं.

युरोपनं १ मे २०१४ पासून हापूससह सगळे आंबे, अळू, कारली, पडवळ आणि वांगी यांवर बंदी घातली होती, फळमाशी आणि इतर किडी सापडल्यामुळं. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. तेव्हापासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेची मान्यता असलेलं पॅकहाउस आणि तिथं वनस्पती आरोग्य अधिकाऱ्यानं केलेली तपासणी यांना फार महत्त्व आलं. भाजीपाल्याच्या पेटीत एक अळी सापडली तर पूर्ण खेप नष्ट होऊ शकते, आणि पुढच्या खेपा बारकाईनं तपासतात.

कागदांत नगांची संख्या सगळीकडे एकच हवी: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), एअरवे बिल. माल उडाल्यावर विमान कंपनी ईजीएम नावाची यादी कस्टम्सला देते. त्यात आणि शिपिंग बिलात फरक पडला, एक पेटी मागं राहून दुसऱ्या विमानानं गेली, तर आयजीएसटीचा परतावा आणि ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर परत मिळणारं सीमाशुल्क, अडकतो. महिन्यानंतर शोधत बसण्यापेक्षा उड्डाणानंतर आठवडाभरात आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर स्थिती पाहा आणि चूक असेल तर एजंटामार्फत लगेच दुरुस्त करून घ्या.

पेटीत काय नसावं

तंबोऱ्याच्या पेटीत प्रेमानं चपडी-स्पिरिटच्या पॉलिशची बाटली ठेवतात. ती ज्वालाग्राही आहे, न सांगता गेली तर गुन्हा आहे, आणि एक्स-रेत ती दिसते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात किंवा ट्यूनरमध्ये लिथियम बॅटरी असते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून मालाच्या रूपात प्रवासी विमानातून नेता येत नाहीत. उपकरणातल्या बॅटरीला वेगळे नियम आहेत, पण एजंटाला ती आधी सांगावीच. एका बॅटरीमुळं पूर्ण कन्सोल थांबतो, म्हणजे तुमच्यासोबत इतर दहाजणांचा माल.

तारांखालची घोडी सांबरशिंगाची असेल तर वन्यजीव कायद्याखाली माल अडकतो. शिसवीचं लाकूड असेल तर त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, मात्र तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली. तरी कोणत्या लाकडाचं वाद्य ते इन्व्हॉइसवर लिहिलेलं बरं. पेटी घन लाकडाची असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा, म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं. प्लायवुडला ही अट नाही, आणि ते हलकंही पडतं.

कास्टिंग इतकं दाट असतं की एक्स-रे आरपार जात नाही. मग पेटी उघडून किंवा स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या चाचणीनं तपासतात. झाकण खिळ्यांनी ठोकलेलं असेल तर तिथं ते उचकटतात आणि परत नीट बसत नाही. स्क्रू वापरा.

वाद्यासाठी तारा सैल करा, काढू नका. मान आणि भोपळा यांच्यामध्ये आधार द्या, कारण पेटी पडली की तडा तिथंच जातो. विमानाच्या पोटातली हवा कोरडी असते, म्हणून नुकतंच पॉलिश केलेलं, ओल धरून असलेलं वाद्य लगेच पाठवू नका.

फुटलं तर

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या माँट्रियल करारानुसार मालाच्या नुकसानीची कमाल भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागं २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, रुपयांत साधारण तीन हजार. ही खऱ्या वजनावर, चार्जेबलवर नाही. म्हणजे भाडं साडेछप्पन्न किलोचं भरलेलं असलं तरी तंबोऱ्याची भरपाई १८ किलोच्या हिशोबानं. एअरवे बिलावर किंमत जाहीर करून जादा शुल्क भरता येतं, पण बहुतेकांना सागरी-हवाई माल विमा स्वस्त पडतो. तो घेताना 'गोदामापासून गोदामापर्यंत' असा आहे का पाहा, नाहीतर बोरघाटात उलटलेला ट्रक त्यात बसत नाही.

नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. दावा दाखल करायची मुदत दोन वर्षं. तिकडं घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: पेटी फुटलेली, ओली किंवा उघडलेली दिसली तर सही करण्याआधी पोचपावतीवरच तसं लिहा आणि पेटी हलवायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढा. 'माल सुस्थितीत मिळाला' अशी कोरी सही एकदा झाली, की नुकसान विमानातच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.